इवायाच्या मोटरीचा जोड

शाळेत मी जितके दिवस गेलो, तितक्यात आंबा पन पाडाले येत नाई. तरी समुद्रपुरात माह्या दुकानावर 'मोटर वाइंडिंग' अशी पाटी आहे, आन् ती मले वाचता येते. जळाल्या मोटरीच्या तारा काढून नव्या भराच्या, हा आपला धंदा.

मागच्या थंडीत वडनेरहून इवाई आले, म्हंजे व्याही, माह्या पोरीचा सासरा. संगं विहिरीवरची मोटर. गहू निसवाले आलता, ओंब्या बाहेर पडून राह्यल्या होत्या, आन् मोटर जळाली. खुर्चीत बसून म्हन्ले, "गावात सांगून ठेवलं आहे इवाई, आमच्या सुनेचा बाप मोटरीचा डाक्टर आहे."

झालं. पोरीचं लग्न होऊन वरीस नोतं झालं. मोटर बिघडली तं बोलनं मले नाई, तिले खा लागन.

तांब्याच्या तारेवर लाखेसारखा पातळ लेप असते, तांब्याच्याच रंगाचा. तो आधी ब्लेडनं, मंग पॉलिश पेपरनं घासून काढा लागते. मंग तारा पिळाच्या, पेस्ट लावाची आन् तार तापवाची. तार तापली का सोल्डर, म्हंजे जोडाचं कथील, आपोआप वितळून पिळात शिरते. लेप राह्यला तं तेल लावल्या डोक्यावर पानी ओतल्यासारखं, वरूनच वाहून जाते. हे घासाचं काम लग्नाआधी पोरगीच करे. मी फक्त सोल्डर मारो आन् गिऱ्हाइकासमोर भाव खाओ.

त्या दिवशी नव्या तारा भरून झाल्या, जोड तेवढे माराचे राह्यले, आन् इवाई समोर बसलेले. मी गप्पा मारता मारता तारा पिळल्या आन् सोल्डरचे असे गोळे मारले, जशी चांदीची घुंगरं.

"वा इवाई! हा तं दागिना झाला," ते म्हन्ले.

म्या अजून एक थेंब चढवला. तारांची टोकं एकमेकाले टेकून होती, म्हनून दुकानात मोटर फिरली बी.

दोन दिवसांनी पोरीचा फोन. "बाबा, मोटर नुसती गुनगुन करून राह्यली. सासू म्हनते, तुह्या बापाले खरंच येते का?"

"लाइन कमी असन."

"लाइन बरोबर आहे. तारा कोनं घासल्या?"

म्या खोकलून पाह्यलं.

"या इकडं. आन् पॉलिश पेपर घेऊन येजा."

येष्टीनं गेलो. डाक्टर पाहाले अर्धी गल्ली आंगनात जमलेली. मोटर खोलली, जोड पकडीत धरून जरासा ओढला, तं सोल्डरचा गोळा अख्खा हातात आला. आत तार कोरी, लेपासकट.

"दागिना निंघाला," इवाई म्हन्ले. हसले नाई. सासू सुनेकडं पाहून राह्यली होती.

पोरीनं ओढनी कमरेले खोसली. "सरका बाबा."

सगळ्यांसमोर खाली बसून तिनं एकेक तार घासली, चकचकीत होईपर्यंत. पिळली, पेस्ट लावली. मले म्हन्ली, "आता तार तापवा. सोल्डरले घाई नाई."

सोल्डर सुतासुतात शिरलं. गोळा नाई का घुंगरू नाई. थंड होऊ देलं, मंग तिनं पकड सासऱ्याच्या हातात देली. "मामाजी, ओढा."

इवायानं मोटरीवर पाय ठेवून ओढलं. मोटर सरकली, जोड नाई सुटला.

वरून स्लीव्हची नळी चढवली, वार्निश लावून सुकू देलं. दुसऱ्या दिवशी लाइन आली आन् गव्हात पानी गेलं. सासूनं माह्यापुढं पोह्याची ताटली ठेवली आन् म्हन्ली, "बाप बोलते, पोरगी करते." पन मंग पोरीले हाक मारून म्हन्ली, "ये वं, तू बी खाऊन घे. हात धू आधी."

इवाई शेजाऱ्याले सांगून राह्यले होते, "डाक्टर आमच्या घरातच आहे. हे तं कंपाउंडर."

आता वडनेरची मोटर बिघडली का माह्या दुकानात येत नाई, पोरीच्या आंगनात जाते. तिचाच फोन येते, "बाबा, उद्या येजा, मानूस कमी आहे." मी जातो. सोल्डर ती मारते. घासाले मले बसवते, आन् घासलेली तार उजेडात धरून पाह्यल्याशिवाय घेत नाई.