कुंदाच्या सांडशीचा चरा

कुंदाला फसवणं कठीण, हे मुलुंड पूर्वेच्या आंबेवाल्यांना तिच्या नवऱ्याच्याही आधी कळलं होतं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून पुढे केला, तर ती देठाकडे एकदा बघायची आणि पेटी हळूच परत सरकवायची. भांडायची नाही. त्यानेच आंबेवाल्याला जास्त लागायचं.

लग्नानंतर या नजरेला एक अगदीच निरुपयोगी काम मिळालं. नंदकिशोरला रेकॉर्डींचं वेड होतं, आणि तेही सरळ नव्हे. त्याला लागायच्या अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल गाण्यांच्या, बशीएवढ्या, एका बाजूला एकच गाणं असलेल्या रेकॉर्डी. त्यातही जी कंपनी दोन वर्षांत बुडाली तिची रेकॉर्ड सर्वांत लाडकी. विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाने बुडालेल्या कंपन्यांवर इतकं प्रेम का करावं, हे कुंदाने एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल तिला दीड तास व्याख्यान मिळालं.

त्या व्याख्यानातून तिला कळलं, की अशा दुर्मीळ रेकॉर्डींच्या चोरून छापलेल्या प्रती जगभर फिरतात. त्या ओळखायच्या कशा? एक म्हणजे लेबल. नकलीवरची अक्षरं फोटोचा फोटो काढल्यासारखी धुरकट असतात. दुसरं, गाणं संपल्यावर आत जो गुळगुळीत पट्टा राहतो, त्यावरचा नंबर. खऱ्यावर तो बहुधा यंत्राने ठोकलेला असतो, नकलीवर कोणीतरी खिळ्याने खरवडलेला. आणि तिसरं म्हणजे, चोराकडे मूळ टेप नसते. तो एखादी जुनी रेकॉर्ड लावतो आणि तिच्यावरून गाणं उतरवून घेतो, त्यामुळे त्या रेकॉर्डवरचा चराही गाण्याबरोबर नकलेत जातो. कानाला चरा ऐकू येतो, डोळ्याला दिसत नाही. पहिली दोन लक्षणं कुंदाने ऐकून घेतली. तिसरं तिला मनापासून पटलं. झेरॉक्सवर मूळ कागदाची घडी दिसते, बोट फिरवलं तर लागत नाही, तसंच हे.

नंदकिशोरच्या सगळ्या संग्रहाचा राजा म्हणजे त्याच्या बोटीवरच्या थोरल्या भावाने बाल्टिमोरहून आणलेली एक रेकॉर्ड. गाणारी कोण बाई होती कोण जाणे, पण नवऱ्याला घराबाहेर काढताना इतकं गोड कोणी गायलं नसेल. आणि या राजाचा कुंदाने १९८७ साली झाकण म्हणून वापर केला.

झालं असं, की संध्याकाळी दिवे गेले. दूध निवलं होतं, ताटल्या सगळ्या मोरीत होत्या, खिडकीत बोका बसला होता आणि नवरा रेकॉर्ड टेबलावर उघडी टाकून मेणबत्ती आणायला गेला होता. रेकॉर्ड पातेलीला बरोब्बर बसली. मधलं भोक मोठं होतं, पण बोक्याचं तोंड काही त्यातून जात नव्हतं. वर वजन म्हणून कुंदाने सांडशी ठेवली. बोक्याने आपलं काम केलंच. सांडशी घसरली, दूध वाचलं, रेकॉर्डवर अर्ध्या मोहरीएवढा चरा पडला. तिने पदराने रेकॉर्ड पुसली आणि पाकिटात घातली.

दोन दिवसांनी चंद्रप्रकाश ती घेऊन गेला. हा नंदकिशोरचा ऑफिसातला मित्र, राहायला बोरिवलीला, वेड तेच. बहिणीच्या लग्नासाठी इंग्लंडला चालला होता. तिथली पोरं या गाण्यांवर रात्र रात्र नाचतात, तिथल्या जाणकारांना दाखवून आणतो म्हणाला. महिन्याने रेकॉर्ड परत आली, नंदकिशोरने लावली, आणि दुसऱ्या कडव्यात टक्, टक्, टक्. त्याने चंद्याला फोन केला. काय बोलणं झालं ते कुंदाने कणीक मळता मळता ऐकलं. हात धुऊन बाहेर जावं आणि सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. हात धुवून होईपर्यंत फोन आपटून झाला होता.

मग मुलगी झाली, मग मुलीचे दात, शाळा, मग नंदकिशोरची बढती. सांगायला चांगला दिवस कधी सापडला नाही. ‘चंद्या, तू’चं ‘चंद्रप्रकाश, आपण’ झालं. दोघांची गाठ पडली तर ते पासपोर्टच्या रांगेत उभे असल्यासारखे बोलत. चंद्रप्रकाशची बायको प्रेमा कुंदाला हळदीकुंकवाला बोलवायची थांबली. बोलवत असे तेव्हा वाणात कायम प्लास्टिकचा डबा द्यायची. तरी कुंदाला ते लागलं.

नंदकिशोरने ती रेकॉर्ड पुन्हा लावली नाही. कुंदाने मात्र लावली. तो ऑफिसला गेला की दुपारी डाळ निवडताना ती बाई नवऱ्याला घराबाहेर काढायची, आणि दुसऱ्या कडव्यात आपलीच सांडशी कुंदाला तीनदा हाक मारायची.

गेल्या वर्षी, निवृत्त होऊन एक तप झाल्यावर, नंदकिशोरला अनुपमाचं बोलावणं आलं. अनुपमा घाटकोपरची दातांची डॉक्टर. रविवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये आठ-दहा वेडे जमून रेकॉर्डी ऐकत. तिने इंग्लंडहून तीच रेकॉर्ड मागवली होती, अस्सल म्हणून, आणि तिची विनंती होती की काकांनी आपलीही आणावी. कुंदाही बरोबर गेली.

दोन्ही रेकॉर्डी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या आणि सगळे त्यांच्यावर वाकले. अनुपमाचं लेबल लख्ख, नंबर यंत्राने ठोकलेला. नंदकिशोरच्या लेबलाचा रंग उडालेला, नंबर हाताने खरवडलेला. बुडीत कंपनीकडे ठोकायचं यंत्र कुठून असणार, हे नंदकिशोर सांगत होता, पण लोक त्याच्याकडे सांत्वनाला आल्यासारखे बघू लागले. अनुपमा फार मायेने म्हणाली, तेव्हाच्या काळात इतकं कळायला मार्ग नव्हता ना, काका. कोपऱ्यात चंद्रप्रकाशही होता. तो आपली चप्पल बघत होता.

कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो रेकॉर्डचं पाकीट सरळ करत होता. चाळीस वर्षं जी वस्तू त्याने मिरवली, ती त्याला आता घडी करून खिशात घालता आली असती तर बरं, असा त्याचा चेहरा झाला होता.

मग अनुपमाने आपली रेकॉर्ड लावली. बाई गाऊ लागली. दुसरं कडवं आलं. टक्, टक्, टक्.

कुंदाने चहाची बशी खाली ठेवली. सांडशी घाटकोपरला कशी आली, हे कळायला तिला एक क्षण लागला. गप्प बसलं तर नवऱ्याची रेकॉर्ड नकली ठरून घरी येणार होती. बोललं तर एका प्रश्नापाठोपाठ दुसरा येणार होता, आणि तो कुठे जाऊन थांबेल, हे तिला दिसत होतं.

“अनुपमा,” ती म्हणाली, “तो आवाज आला तिथला चरा दाखव बघू.”

अनुपमाने दात तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. आपल्या रेकॉर्डवर तिला चरा सापडेना. दोनदा फिरवून पाहिलं, तिसऱ्यांदा बोट लावून पाहिलं. मग कुंदाच्या सांगण्यावरून तिने नंदकिशोरची उचलली, आणि दुसऱ्या कडव्याच्या जागी तिला तो मिळाला, अर्ध्या मोहरीएवढा. मग तीही लावली. तीच जागा, तोच आवाज. कोणाला काही समजवावं लागलं नाही. अनुपमाची रेकॉर्ड नंदकिशोरच्या रेकॉर्डवरून उतरवलेली होती. डॉक्टरीणबाईंनी भिंग कपाळावर सरकवलं आणि दाताबद्दल वाईट बातमी देतात तशा स्वरात स्वतःलाच म्हणाल्या, “माझी गेली.”

नंदकिशोर ताठ झाला. एवढ्यावर थांबला असता तर कुंदा सुटली असती. पण तो कोपऱ्याकडे वळला.

“चंद्रप्रकाश, घरातून ही एकदाच बाहेर गेली होती, आपल्याबरोबर. चरा आपण पाडलात, आणि नकलाही आपणच काढू दिल्यात.”

चंद्रप्रकाशचा आवाज चढला नाही. एका दुकानदाराकडे रेकॉर्ड एक रात्र ठेवली होती, त्याने तो डाव साधला असणार, तेवढं आपल्या माथी मारा, असं तो म्हणाला. “पण नंद्या, चरा आधीपासून होता. मी तेव्हाही सांगत होतो. तू फोन आपटलास.”

“खोटं.”

“खरं आहे ते,” कुंदा म्हणाली. “मी पाडला. दूध झाकलं होतं त्या रेकॉर्डने. वर सांडशी ठेवली होती.”

नंदकिशोरचं तोंड उघडं राहिलं, आणि अनुपमाने सवयीने त्यात डोकावून पाहिलं. चंद्रप्रकाशला आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग तो डोळे पुसू लागला. हसतोय की रडतोय, हे कुंदाला नीट कळेना.

“म्हणजे वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “तीस-पस्तीस वर्षं तिकडची पोरं तुमच्या सांडशीवर नाचतायत.”

“तुमची मात्र मी वाट लावली, भावोजी.”

“लावलीत खरी,” तो म्हणाला, आणि लगेच विचारलं, “दूध वाचलं ना पण?”

नंदकिशोर घरी जाताना बोलला नाही. पुढचे नऊ दिवसही मीठ, चहा, किल्ली एवढंच. कुंदाने मुकाट्याने वाढलं. पस्तीस वर्षांच्या मानाने नऊ दिवस तिला स्वस्तच वाटले. दहाव्या दिवशी दुपारी तिने रेकॉर्ड लावली, तेव्हा तो पेपर घेऊन आतून आला आणि शेजारी बसला. टक्, टक्, टक् झाल्यावर त्याने नुसतं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

रविवारी त्याने चंद्याला जेवायला बोलावलं. प्रेमा वाणाचा डबा घेऊन आली, प्लास्टिकचाच. जेवणं झाल्यावर नंदकिशोरने ती रेकॉर्ड काढून चंद्यापुढे ठेवली. “ने. आठ दिवस. दुकानदाराला देऊ नकोस.”

पाकिटावर त्याने आपल्या ऑफिसच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. प्रेमाने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली: “प्रेमावहिनींस विनंती. झाकण म्हणून वापरू नये.”