खुंटीवरचा चौकोन

फोटोतले चेहरे शोधणाऱ्या दोन लायब्रऱ्यांची मी तुलना करत होते. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांना फुकट वापरायला दिलेला कोड. ऑफिससाठी त्यातली एक निवडायची होती. चाचणीला घरचाच फोटो घेतला. पदवीच्या दिवशी काळ्या गाऊनमध्ये ताठ उभी असलेली, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि शेजारी आई.

एका लायब्ररीने आमच्या दोघींच्या चेहऱ्यांभोवती हिरवे चौकोन काढले. दुसरीने तिसराही काढला, मागच्या भिंतीवर, खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यावर. सदरा माझ्या वडिलांचा, दादांचा. दादा त्याआधीच गेले होते.

यातलं गणित मला कळतं. लायब्ररीला फोटो म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. सदऱ्याच्या चुण्यांतला काळोख-उजेड डोळ्या-नाकासारखा जुळला, एवढंच. तरी मी तो चौकोन मोठा करून पाहिला. माणूस गेल्यावर आपणही घरभर तेच करत राहतो, सावल्या जुळवत.

आई ताटं घेऊन आली आणि लॅपटॉपवरचा फोटो बघून थबकली. "हा कुणाला धरलाय गं यानं?"

"चूक आहे ती, आई. पहिल्या लायब्ररीत येत नाही हा. सदरा आहे नुसता."

"सदरा कळतो मला. मीच अडकवलाय." मग हळूच म्हणाली, "ते दुसरं लावलं की जातो का हा?"

"जातो. तीच जास्त अचूक आहे. मी तीच निवडणार."

"निवड की. एवढी शिकलीस ती कशाला?" तिने ताटं खाली ठेवली. "पण आपलं जेवण होईस्तोवर हेच राहू दे."