खणखणीत की बद्द

आमच्या काकांना सगळी वसाहत ठोकेकाका म्हणायची. रेल्वेत त्यांचं काम एकच. थांबलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकावर लांब दांड्याच्या हातोडीनं ठोका मारायचा आणि ऐकायचं. चाक धड असेल तर आवाज खणखणीत. तडा गेला असेल किंवा चाकावरची पोलादी धाव सैल झाली असेल, तर बद्द. बद्द वाजलं की डबा बाजूला. पुढे यंत्रं आली आणि काका निवृत्त झाले.

यंदा वाफेची जुनी गाडी शेडमधून काढून शाळेच्या मुलांना एक फेरी घडवायची ठरली. माझी मुलगीही जाणार होती. शेडचे साहेब स्वतः घरी आले. "काका, निघताना चाकं तुम्हीच वाजवा. मुलांना जुनी पद्धत दिसू दे."

काका हो म्हणाले आणि साहेबांची पाठ वळताच मटकन खाली बसले.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"कान गेलेत त्यांचे," काकू म्हणाली. "भाजीत मीठ आहे का विचारलं, तर म्हणतात दार लावलंय."

"हळू बोल गं!" एवढं मात्र काकांना ऐकू आलं.

"मग नाही म्हणायचं होतंत."

"काय सांगू? ठोकेकाका बहिरा झाला?"

फेरीच्या दिवशी गाडी सकाळी रिकामीच चाचणीला फिरून फलाटाला लागली. तेल आणि वाफेचा तो वास येताच काकांचे डोळे भरून आले. पाण्याची बाटली धरायला म्हणून त्यांनी काकूला रुळांपाशी सोबत घेतलं. मी मागे होते. मुलं डब्यांत बसत होती.

पहिला ठोका. काका चाकाकडे बघतच नव्हते, काकूच्या तोंडाकडे बघत होते. ऐकण्याचं काम काकू करते आहे, हे माझ्या लक्षात आलं. मुलीनं खिडकीतून हात केला. मला हात उचलवेना.

चौथ्या डब्यापाशी काकूचा चेहरा बदलला.

काकांनी पुन्हा ठोकलं. काकूनं मान हलवली. "बद्द आहे हो."

"नक्की?"

"बायको आहे तुमची. इतकी वर्षं यार्डाशेजारी स्वयंपाक केलाय."

काकांनी हात वर करून गाडी सोडू नका अशी खूण केली. साहेब धावत आले. "अहो काका, गेल्याच महिन्यात यंत्रानं तपासलीत सगळी. तुमच्या एका ठोक्यावर गाडी अडवू? खात्री आहे?"

काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "माझी नाही, साहेब. माझे कान गेलेत. हिनं ऐकलंय."

फलाटावर कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. वाकून त्यांनी चाकाजवळ हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. सकाळच्या चाचणीत तिथला ब्रेक सुटलाच नव्हता. चाक घासून तापलं होतं आणि धाव सैल झाली होती.

त्या डब्यातली मुलं उतरवली. तो डबा काढून ठेवून बाकीची गाडी गेली आणि सुखरूप परत आली. मुलगी घरी येऊन शिट्टीची नक्कल करत सुटली. काकांनी हातोडी साहेबांच्या हाती दिली होती. आता तरी ते निवांत होतील असं मला वाटलं.

पण चहा तसाच ठेवून ते काकूला म्हणाले, "नोकरीच्या शेवटच्या वर्षात... मला खरंच ऐकू येत होतं का गं?"

काकू त्यांच्या कानाशी वाकली. "मी खिडकीत असायचे ना. एक जरी बद्द वाजलं असतं, तर पळत आले असते."

काकांनी मान डोलावली. मग चेहरा पुन्हा उतरला.

"आणि रात्रपाळीला? तेव्हा तर तू झोपलेली असायचीस."

काकूनं त्यांचा हात घट्ट धरला.