सातव्या नावामागची माणसं

झोराईद पेसान्या म्हणजे कामाला वाघ बाई. रिओच्या बांगू भागातल्या डायलिसिस केंद्रात आधी नुसती दारापाशी बसून रुग्णांची नावं लिहून घ्यायची. चाळिशी उलटल्यावर आपली आपण लुआ शिकली. ही संगणकाची भाषा इथलीच, रिओत जन्मलेली, म्हणून तिला माहेरची वाटायची. "बाकीच्या शून्यापासून मोजतात, आपली बया एकपासून, माणसासारखी!" असं कौतुक. तिच्या खोडीही झोराईदला पाठ. यादीतलं मधलंच नाव पुसून जागा रिकामी सोडली, तर लुआ तिथवर वाचते आणि थांबते. पुढच्यांचं नावही घेत नाही, अन् काही चुकलंय असंही सांगत नाही. नव्या पोरींना झोराईद हे हसत हसत शिकवायची.

रुग्णांना घरून आणणाऱ्या गाडीची यादी तिनंच बनवलेली. रविवारी यादीतले सातवे, ओस्मारीनोकाका, वारले. झोराईदचा त्यांच्यावर फार जीव. त्यांच्या घरी जायच्या घाईत, डोळे पुसत, तिनं त्यांचं नाव पुसलं आणि मागच्यांना एकेक घर पुढे सरकवायचं विसरली. तीच हो, दुनियेला शिकवणारी!

सोमवारी चालक जेनिव्हालच्या हाती सहाच नावं पडली. दहाच्या सुमाराला तो म्हणाला, "झोराईदताई, आज लवकर सुटलो बुवा! बाकीच्यांना सुट्टी दिलीत काय?"

तिनं त्याच्या हातातली यादी ओढून पाहिली. "अरे मेल्या, आधी विचारायचं नाही?" त्या बिचाऱ्याचा काय दोष!

राहिलेले तिघं. दोघं ठीक होते. आठव्या नंबरच्या इरासीबाई पहाटे पाचपासून पिशवी घेऊन दारात बसलेल्या. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, पाय टम्म, धाप लागलेली. तरी त्यांनी फोन केला नव्हता. ओस्मारीनोला आज पुरणार, गाडी तिकडेच गेली असेल, दुखवट्यात कुठे तगादा लावायचा, असा त्यांचा विचार.

तीन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. झोराईद बाहेरच्या बाकावर बसून स्वतःला शिव्या देत होती. चौथ्या दिवशी इरासींनी डोळे उघडले.

"काय गं, मला काढलंस होय यादीतून?"

"नाही हो, मी काकांना काढलं."

"मग मी कुठे गेले होते?"

झोराईदला हुंदका आवरेना. "तुम्ही जागेवरच होतात हो. तुमच्यापर्यंत कुणी आलंच नाही."