ड्रमाआडचा दिनेश

दिनेश गेल्याचं कळलं तेव्हा मी बडा फुहाऱ्याच्या बाजारात एका दुकानात आमच्या पेंटबॉलच्या टीमसाठी टी-शर्ट पाहत होतो. सविता वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... सकाळी चहा घेता घेता." दुकानदार विचारत होता, "भैया, पीला दूँ कि नीला?" आणि आपण इथे कशाला आलो, तेच मला आठवेना.

पन्नाशीला टेकलेल्या माणसांनी एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडत धावावं, हे आमच्या घरच्यांना कधी पटलं नाही. फॅक्टरीतल्या आम्हा पाच जणांचं हे खूळ. रविवारी सिहोऱ्याच्या रस्त्यावर, एका शेताला लागून आखलेल्या मैदानात जायचो. खेळ सोपा. समोरच्या टोकाचा झेंडा काढून आणायचा, आणि गोळी अंगावर फुटली की हात वर करून बाहेर व्हायचं. पुढे पळणाऱ्याला गोळी लागू नये म्हणून एकाने मागे, लोखंडी ड्रमाआड बसून, समोरच्यांवर सारखा मारा करत राहायचं. ते काम दिनेशचं. दुखऱ्या गुडघ्यांवर तो तिथे तासन्‌तास बसे. झेंडा बहुतेक वेळा मी आणायचो, आणि सगळे मिळून मलाच खांद्यावर घ्यायचे. तोवर दिनेश सगळ्यांचे मास्क गोळा करून आपल्या गमछ्याने पुसायला लागलेला असे.

एकदा जिंकत आलेला डाव त्याच्यामुळे गेला. गोळी त्याच्या बुटाच्या टाचेवर फुटली होती, पंचाचंही लक्ष नव्हतं, पण हा हात वर करून बाहेर! मी भडकलो. "काहून रे, कोणी पाहिलं होतं का?" तो शांतपणे म्हणाला, "मले लागली न. मले तर माहीत हाये." त्यावरून आम्ही त्याला महिनाभर चिडवलं. तोही हसायचा. असा माणूस टीममध्ये असणं किती मोठी गोष्ट आहे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शेवटच्या रविवारी परतताना मी सहज म्हटलं, "दिनेश, एकदा तरी तू जा न झेंड्याले."

"मी गेलो तर मागून तुले कोण पाहीन?"

"मी बसतो न मागे."

तो लाजल्यासारखा हसला. "अच्छा चलो... पुढच्या रविवारी." इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी हो म्हटलेली ही एकच गोष्ट, तीही मी विषय काढला म्हणून. तो रविवार आलाच नाही. आधी का नाही सुचलं मला, ही रुखरुख जात नाही.

पंधरवड्यापूर्वी आम्ही पुन्हा मैदानात गेलो. पाचवा म्हणून फॅक्टरीतलाच अनिल आला होता. मी म्हटलं, आज तू पुढे जा, मी मागे बसतो. ड्रमाआडून गोळ्या मारता मारता बोट आखडलं, गुडघे भरून आले. अनिलने झेंडा काढला. बाकीचे आरडाओरडा करत त्याच्याकडे धावले, त्याला खांद्यावर घेतलं. मला तिथून फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. इतकी वर्षं दिनेशला हेच दिसत असणार. मी उठून उभा राहिलो, हाकही मारली... पण कोणी मागे वळून पाहिलं नाही.