आमच्या दुकानातून देव कधी चुकला नाही!

चांदीच्या कामात कीस पडतो. कानस मारताना, कडा कापताना बारीक चुरा उडतो आणि तो कुणी झाडून फेकत नाही, डब्यात साठवतात. आमच्या दुकानात किसाचा डबा सासऱ्यांच्या ताब्यात आहे आणि किश्श्यांचा माझ्या! त्यांचा डबा वर्षातून एकदा तरी रिकामा होतो. माझा काही केल्या होत नाही, म्हणून आज थोडा तुमच्यापुढे ओतते.

दुकान कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीत. आज्जेसासऱ्यांनी सुरू केलं तेव्हापासून काम एकच, टाक. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घरचा देव. कुणाकडे अंबाबाई, कुणाकडे जोतिबा, कुणाकडे खंडोबा, बिरोबा. काहींच्याकडे सगळेच! लग्नकार्य निघालं किंवा दसरा जवळ आला की लोक घरचे देव उजळायला आणतात. फार झिजले असतील तर नवे करून घेतात. आत ठोकायला आप्पा, म्हणजे माझे सासरे, आणि माझा नवरा. बाहेर काउंटरवर मी. माझं माहेर इचलकरंजीचं. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे हातोडीच्या आवाजाचा मला त्रास होत नाही. माझ्या आवाजाचा मात्र सगळ्यांना होतो.

आप्पांचं एक वाक्य ठरलेलं आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की ऐकवायचंच, "पावणं, निवांत बसा. आमच्या बाबांपास्नं ह्या दुकानातनं देव कधी चुकला न्हाय!"

म्हणजे जो सांगितला तोच झाला आणि ज्याचा त्याच्याच घरी गेला. दसऱ्याच्या आधी आमच्या फळीवर गावोगावचे देव खेटून बसलेले असतात, तेव्हा ही काही लहान गोष्ट नव्हे. आम्ही आप्पांना या वाक्यावरून चिडवतो खरे, पण मला त्याचा फार अभिमान आहे.

*

लग्न होऊन मी नुकतीच काउंटरवर बसायला लागले होते. एक गृहस्थ आले, "खंडोबाचा टाक पाहिजे." ड्रॉवर उघडला तर खंडोबा एकही तयार नाही. माहेरी आमच्यात एक रंग संपला की लगेच दुसरा दाखवायची पद्धत. मी हसतमुखानं म्हटलं, "खंडोबा संपलेत. जोतिबा आहेत, चालतील?"

आतली हातोडी थांबली.

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मला चालतील वो. घोडा दोघांनाबी हाय. पण घरात सांगणार कोण?"

ते गेल्यावर आप्पा बाहेर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते हळूच म्हणाले, "पोरी, देव एकच हाय, हे खरं. पण ते आपल्याला म्हाईत असून भागत न्हाय. गिऱ्हाइकाला ज्याचा त्यालाच द्यायचा!"

*

आमची लेक इंग्लिश मीडियमला. शाळेतून प्रोजेक्ट मिळाला होता. वही-पेन घेऊन थेट आप्पांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"आजोबा, आपले टोटल देव किती?"

"खरे का कपाटातले?"

"खरे."

"एक."

तिनं लिहून घेतलं. "आणि कपाटातले?"

"ऑर्डरीप्रमाणं!"

*

एकदा एक पैलवान आला. तो दारात उभा राहिला तर दुकानात अंधार! तालमीतल्या कोनाड्यासाठी मारुतीचा टाक हवा होता. म्हणाला, "नेहमीचा नको. जरा मांड्या भरून करा."

आप्पांनी विचारलं, "फोटो आणलाय काय?"

त्यानं मोबाईल पुढे केला. बघतो तर फोटो त्याचाच! लंगोट लावलेला, गदा खांद्यावर.

"अहो, हे तर तुम्हीच!" मी म्हटलं.

"व्हय, वैनी. मारुती माझ्यासारखा करा म्हणत न्हाय मी. पण मिसरूड फुटल्यापास्नं त्याच्यासारखं व्हायला राबतोय. किती जमलंय, तेवढं कारागिराच्या नजरंनं बघून सांगा की!"

आप्पांनी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. म्हणाले, "मांड्या जमल्यात. आता हात जोडायचं बघा!"

पैलवानानं तिथंच हात जोडले. मारुतीही तसाच केला, हात जोडलेला आणि मांड्या भरलेला.

*

गडहिंग्लजकडच्या एक मराठा बाई सुनेला घेऊन आल्या. मुलानं कानडी बोलणाऱ्या लिंगायत मुलीशी लव्ह मॅरेज केलेलं. दोघी बाकावर मध्ये पिशवी ठेवून बसल्या होत्या, त्यावरूनच घरातली हवा कळत होती. सुनेला वाटलेलं, देव उजळायला आलोय. सासूबाई आप्पांना म्हणाल्या, "हिच्या माहेरच्या वीरभद्राचा टाक करायचा हाय. आमच्या देव्हाऱ्यात बसवायचा."

सून एकदम सासूकडे बघायला लागली.

आप्पा म्हणाले, "केवढा करू?"

"आमच्या जोतिबाएवढाच करा. मोठा केला तर जोतिबा रुसंल, ल्हान केला तर सून!" आणि थोडं थांबून म्हणाल्या, "जोतिबाची समजूत मी काढीन वो. हिची कोण काढणार?"

पोरगी रडता रडता हसायला लागली. मधली पिशवी कधी खाली गेली कळलंच नाही. पैसे देऊन उठताना सासूबाईंना शंका आली, "पण तुमच्या देवाला मराठी येतं न्हवं गं?"

सून म्हणाली, "शिकंल की, अत्ती. मी शिकले तसा!" अत्ती म्हणजे कानडीत सासूबाई. त्या दिवशी हाकही बरोबर गेली आणि ओही आली.

*

आमच्याच गल्लीतला एक मुलगा अमेरिकेत असतो. सुट्टीत आईला घेऊन आला. म्हणाला, "काका, तिकडं देव्हाऱ्याला जागा नाही, एक शेल्फ आहे फक्त. अंबाबाई, जोतिबा, खंडोबा, गणपती, दत्त, सगळ्यांचा मिळून एकच टाक होईल का? ऑल इन वन!"

आप्पांनी चांदीचा एक तुकडा घेतला, कापला, कडा घासल्या, चकचकीत केला आणि तसाच कोरा त्याच्या हातावर ठेवला.

"हे घे. सगळे हायत ह्यात."

"पण काका, दिसत तर कुणीच नाही!"

"एकेकाला भायेर काढायची मजुरी निराळी!"

आम्ही पोट धरून हसलो. त्याची आई मात्र हसली नाही. तिनं त्या कोऱ्या पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मग आधी अंबाबाईला काढा. ती आली की बाकीचे येतील मागनं."

त्या वेळी तो एकटी अंबाबाई घेऊन गेला. आता दर सुट्टीला येतो आणि एकेक देव हँडबॅगेतून नेतो. शेल्फ भरत आलंय म्हणे.

*

पन्हाळ्याकडचे दोन भाऊ वेगळे झाले. रान, विहीर, जनावरं, सगळ्याची वाटणी गोडीनं झाली आणि गाडी अडली ती देवांवर. देव थोरल्याकडे राहायचे, ही रीत. थोरला म्हणाला, जुने माझ्याकडे, धाकट्याला नवे करून द्या. धाकटा भडकला, "मला डुप्लिकेट देव नकोत!"

बरोबर त्यांची आई होती. ती म्हणाली, "आप्पा, समदे वितळवा. निम्मं निम्मं करून दोन जोड बनवा."

आप्पांनी त्यांच्या डोळ्यांदेखत जुने टाक मुशीत टाकले. मूस म्हणजे चांदी आटवायचं मातीचं भांडं. भट्टी पेटली. आधी घोडा गेला, मग तलवार, मग अंबाबाईचा मुकुट. शेवटी तळाला चांदीचा एकच थरथरता गोळा उरला. दोघा भावांनी, कुणी न सांगता, त्या मुशीला हात जोडले. मला त्या आधी कधी भट्टीपुढे भरून आलं नव्हतं.

दोन जोड झाले, अगदी सारखे. तरी धाकट्याचं शंकासमाधान होईना. "आई, पण ह्यातला मूळचा कंचा?"

आई म्हणाली, "तुमी दोघं एकाच पोटातनं आलायसा. तुमच्यातला मूळचा कंचा, ते सांगा आधी!"

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

गेल्या दसऱ्याच्या आधी नेसरीहून एक गृहस्थ घरचे देव उजळायला घेऊन आले. घरात लेकीचं लग्न होतं. त्यातला एक टाक तेल आणि गुलाल बसून बसून पार काळा पडला होता. घोडा तेवढा अंदाजानं कळत होता. म्हणाले, "ह्यो आमचा जोतिबा. माझ्या आज्ज्यानं तुमच्याकडनंच केलेला. आईचा लई जीव हाय ह्याच्यावर, जपून करा."

आप्पांनी वाक्य ऐकवलं, "निवांत जावा. ह्या दुकानातनं देव कधी चुकला न्हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन आत गेले तर आप्पा तो टाक तळहातावर घेऊन नुसते बसले होते. रिठ्याच्या पाण्यानं काळं निघालं होतं. घोड्याच्या पायांत एक कुत्रं दिसत होतं. आणि त्याच घोड्यावर, स्वाराला खेटून, एक बाई.

कुत्रं आणि म्हाळसा! जोतिबा कुठला, हा खंडोबा होता.

माझ्या मनात आलं, दुसऱ्या कुणाचं काम असेल. आप्पांनी टाक उलटा केला. मागे आमच्या दुकानाचा छाप होता, लहानसं बेलाचं पान. आप्पांच्या वडिलांच्या हातचा.

चहा तसाच गार झाला. नवरा म्हणाला, "आप्पा, कुणाला कळणार न्हाय. जुन्यासारखा जोतिबा करून देऊया." आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प कामाला लागला. संध्याकाळी एक गिऱ्हाईक पायरी चढलं आणि आप्पा नुसतं "बसा" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाक्य आलं नाही.

आप्पांनी नेसरीला फोन लावून एवढंच सांगितलं, "येताना आईंना घेऊन या."

त्या आल्या. गाव त्यांना आक्का म्हणतं. काटक बाई, लुगडं नेसलेल्या. आप्पा गादीवरून उठले आणि त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. टाक त्यांच्या हातात दिला आणि काही न लपवता सांगितलं. तुमच्या सासऱ्यांनी जोतिबा सांगितला होता, आमच्या बाबांनी खंडोबा दिला.

मुलाचा चेहरा उतरला. "म्हंजे आमी आजवर खंडोबाला गुलाल लावला? त्याच्यापुढं भंडारा न्हाय, चंपाषष्ठीचं भरीत न्हाय..."

"वार तेवढा दोघांचाही रविवारच," मी पुटपुटले. कुणी हसलं नाही.

आक्कांनी चष्मा लावला. टाक डोळ्यांजवळ धरला, कुत्रं बघितलं, म्हाळसा बघितली. मग मुलाकडे बोट दाखवून आप्पांना विचारलं, "ह्यो ल्हान असताना तापानं फणफणला हुता. डॉक्टरनं हात टेकलं हुतं. तवा मी पदर पसरून बसले, ती ह्याच्याचपुढं न्हवं?"

"टाक त्योच, आक्का. हाच."

"जोतिबा, जोतिबा म्हणून घसा बसला हुता माझा."

आप्पा मान खाली घालून म्हणाले, "माझ्या पदरची चांदी घालून जोतिबा करून देतो. पण आक्का, आजवर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत आलो, ह्या दुकानातनं देव कधी चुकला न्हाय म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

आक्कांनी टाक पदरात बांधला, गाठ मारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"ह्याच तोंडानं सांगा की! जोतिबा करून द्या, त्योबी घरात येऊ दे. पण ह्यो मी सोडत न्हाय. जल्मभर हाक मारली जोतिबाला आन् ओ दिली ह्यानं. एकदाबी म्हणाला न्हाय, बाई, राँग नंबर हाय म्हणून! तुमचा बा चुकला आसंल, आप्पा. देव कुठं चुकला?"