केवळरामचं खाकरणं

आंबागडचा केवळराम तीस वर्षं वनमजूर आहे. जंगलात शिरला की तो दर वीस-पंचवीस पावलांवर खाकरतो. आमच्याकडे बहुतेक जण असंच करतात. माणूस येतोय हे वाघाला आधी कळलं, की तो आपणहून बाजूला होतो.

मागच्या सप्टेंबरात पशुवैद्य कीर्तीताई त्याला तीन महिन्यांसाठी स्पेनला घेऊन गेल्या. तिथल्या एका केंद्रात लिंक्स नावाची, एकेकाळी संपत आलेली रानमांजरं वाढवून जंगलात सोडतात. केंद्राला रान जाणणारे स्वयंसेवक हवे होते. पासपोर्टचा अर्ज मी भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "मांजरं सांभाळाले सातवी पुरते न, भाऊ?"

तिथला नियम कडक होता. पिल्लांच्या कुंपणाच्या भिंतीतल्या नळीतून जिवंत ससा आत सोडायचा आणि मुकाट्यानं परतायचं. माणूस आला की खाणं येतं, असं पिल्लाच्या मनात बसलं तर ते बाहेर टिकत नाही. थेट माणसांकडे जातं.

केवळराम एक शब्द बोलला नाही. पण भिंतीकडे जाताना खाकरत राहिला. खाकरणं हा आवाज आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दीड महिन्यानं कॅमेऱ्यात दिसलं: तो खाकरला की एक पिल्लू नळीच्या तोंडाशी येऊन बसे.

केंद्रानं मार्चपर्यंत मुदत दिली. सवय सुटली नाही तर पिल्लू जन्मभर कुंपणातच राहणार होतं. सवय मोडण्याचं काम केवळरामलाच दिलं. त्यानं खाकरायचं, ससा सोडायचा नाही, पत्रा बडवायचा.

"पहिल्या दिवशी पळालं अन् फिरून आलं, भाऊ. नळीत पाहून राहिलं होतं. मंग मी आणखी जोरानं बडवला," तो नंतर मला म्हणाला.

डिसेंबरात तो परतला, पण एका जागी बसेना. अंगणातून सडकेवर, सडकेवरून अंगणात. पिल्लाचं विचारायला कीर्तीताईंना रोज फोन. जंगलात जाई, पण खाकरत नसे. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला निघाला तेव्हा मी तिथंच होतो. त्याची बायको कुंताबाई टोपली घेऊन मागून ओरडली, "अजी, खाकरत जा न! वाघ का तुमचा साळा आहे, ओळख द्याले?"

"घशातून निघतच नाई वो."

तेवढ्यात कीर्तीताईंचा फोन आला. आदल्या दिवशी तिकडे पिल्लू सोडलं होतं. पाठोपाठ व्हिडिओ आला. खोक्याचं दार उघडलं. मागे उभा असलेला माणूस मुद्दाम खाकरला. पिल्लू दचकलं आणि झुडपांत पळालं. मागे वळून पाहिलं नाही.

केवळरामनं तो व्हिडिओ चारदा पाहिला.

"झालं न आता?" मी म्हणालो.

"झालं."

आम्ही तिघं निघालो. रानाच्या कडेला तो थांबला आणि खाकरला. मग बराच वेळ समोरच्या झुडपाकडे पाहत राहिला. काही आलं नाही.

"चला न, अजी," कुंताबाई म्हणाली.